फेरी

कारीट अंगठ्याखाली फुटलं की दिवाळी.
त्याआधी नुसती धावपळ:
बेळगावच्या बसमधून उतरलेल्या माझ्या दोन बॅगा,
उमाकांतचा मस्कतचा खोका, सुतळीनं करकचून बांधलेला,
आणि वहिनीची मोजदाद, गाद्या सात, माणसं अकरा.

तुळशीपुढे डाव्या पायाचा अंगठा ओला,
बी कपाळाला, रस जिभेला.
"गोविंदा!" धाकटी ओरडली आणि लगेच थुंकली.
आमच्यात थुंकलेलं चालतं.
आईनंच तसा नियम केला होता,
तिलाही ते गिळता यायचं नाही.

मग पोहे. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले,
गुळाचे, तिखशे, बटाट्याचे,
केळीच्या पानावर सहा ढीग, बाजूला काळ्या वाटाण्यांची उसळ.
"पुढच्या वर्षी यातला एक कमी केला तर?" वहिनीनं विचारलं.
कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांची तोंडं भरलेली.
एक वाडगा कुंपणापलीकडे गेला, आंतोनेताकडे.
तो नाताळात नेवऱ्या घेऊन परत येतो,
मधल्या काळात तो तिचाच.

दुपारी सहल.
सहल म्हणजे नार्वे, डिचोलीहून अर्धा तासही नाही.
जुन्या ओम्नीत नऊ जण, दोघं स्कूटरवर.
तिठ्यावर रात्रीचा नरकासुर,
आता नुसत्या तारा, काळे बांबू, थोडा धूर.
सर्वेश गाडीत झोपलेला, तोंड उघडं,
नखांत हिरवा रंग.
दुसरं बक्षीस. पहिलं का नाही, ते त्यानं
डिचोली सुटेपर्यंत सांगितलं होतं.

धक्क्यावर गाडी ठेवली. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही.
आमची सहल म्हणूनच ठरली असावी, पपांच्या पगारात बसणारी:
या काठावरून त्या काठावर, उतरायचं नाही, परत यायचं.
तीन वेळा. चौथ्यांदा, हट्ट केला तर.
वर सुकाणूपाशी ते पाठमोरे, खाकी शर्ट,
खाली कठड्याला लटकलेली आम्ही पाच पोरं,
आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.
ड्युटीवर तांडेल कुणाचा बाप नसतो.

आज ते प्रवासी. एक्याऐंशी वर्षांचे,
घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत.
बोलणं दोन वर्षांपूर्वी आटलं.
"पपा, ही नदी ओळखता?" उमाकांत विचारतो,
वहिनी त्याला नजरेनं गप्प करते.

मांडवी अजून गढूळ. खारफुटीत एक बगळा,
आमच्याइतकाच रिकामा.
डोंगरावर दिवाडीचं चर्च पांढरं होत जवळ येतं, थांबतं.
"देंवा, दिवाडी आयली," बोटीवरचा पोरगा म्हणाला.
"आम्ही उतरत नाही."
"मग वता खंय?"
अकरा माणसं एकमेकांकडे बघू लागली.
बेळगाव, मस्कत, वेर्ण्याची फॅक्टरी,
प्रत्येकाजवळ एकेक उत्तर होतं,
पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला, काठ दहा हातांवर असताना,
पपांचा उजवा हात मांडीवरून उठला,
हवेत थोडा डावीकडे फिरला, तिथंच थांबला.
बोट वळली.
धक्क्याला टेकली, जरासुद्धा हिसका नाही.
वरचा तांडेल मिसरूड फुटलेला,
खाली काय झालं ते त्याला कळणारही नव्हतं.
"बरी लायली," पपा म्हणाले.

उमाकांत कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.
सोमवारी त्याचं विमान.
सर्वेश जागा झाला, म्हणाला, कोण बोललं?

धाकटीनं चौथ्या फेरीचा हट्ट धरला.
माझी बस सहाची. मी घड्याळ ओढणीखाली सारलं.
दोन स्कूटर चढल्या, एक पाववाला,
मग रिकामी पाटी घेऊन मासळीवाली बाई.
तिनं आमच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं,
आणि जरा सरकून जागा केली,
जशी कुठंतरी जायला निघालेल्यांना करतात.