आज किती?

छतावर चोवीस पॅनेल. ती बसली तेव्हा
मी तिसरीत होते, शेजारच्याच खोऱ्यात.
आता शिडी माझी, मीटर माझा,
आणि खाली अंगणात फ्राउ ब्रेंडले
दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या.
धरायची खरं तर काहीच गरज नाही.

फोनवर म्हणाल्या होत्या,
वीस वर्षांचा करार संपला,
कंपनी आता देते ते कवडीमोल.
मुलगा म्हणतो, उतरवून टाक.
तुम्ही एवढंच सांगा,
ती अजून नीट चालतात का.

नीट.
हा शब्द कुठल्याच उपकरणावर उमटत नाही.
उमटतात व्होल्ट : पहिली माळ दोनशे एक्कावन्न,
दुसरी दोनशे एकोणपन्नास. बारा-बारांच्या माळांना शोभेल असंच.
काचांवर मधमाश्यांचे पिवळे ठिपके, खालच्या कडेला शेवाळ,
आणि थर्मल कॅमेऱ्यात सातव्या पॅनेलचा एक चौकोन
अंगात कणकण असल्यासारखा लाल.
बाकी सगळं थंड, निळं, कामात गुंतलेलं.
एकवीस उन्हाळ्यांत शंभराचे अठ्ठ्याऐंशी झालेत.
माझ्या गुडघ्यांचं प्रमाण याहून वाईट आहे.

मग तळघर. बटाट्यांची पेटी, स्कीच्या जोड्या, इन्व्हर्टर.
हा मधे एकदा बदललेला,
पोटात रोजची नोंद ठेवणारा.
तुलनेला काही आहे का, विचारलं,
तर त्यांनी अकरा वह्या आणल्या.
आल्विनच्या. रोज एक ओळ :
तारीख, आभाळ, युनिट.
"धुकं. २.३" "स्वच्छ, वारा. १५.८"
"गारा! तरी ७.०"
पानामागून पान, वही आणि यंत्र
एकमेकांना दुजोरा देत होती,
दशांशापर्यंत.

फक्त शेवटच्या वहीत, शेवटच्या हिवाळ्यात, नाही.
यंत्र म्हणतं शून्य. वही म्हणते ६.२.
यंत्र म्हणतं शून्य. वही म्हणते ५.४.
बर्फ गुडघाभर, पॅनेलं पांघरुणाखाली,
आणि वहीत असं ऊन पडलेलं,
जे त्या हिवाळ्यात खोऱ्यात कुणी पाहिलं नाही.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या,
त्यांना जिना उतरवत नव्हता तेव्हा.
संध्याकाळी पलंगावरून हाक यायची, आज किती?
मी खाली यायचे, हे शून्य बघायचे,
वर जाईपर्यंत तेरा पायऱ्या असतात.
तेराव्या पायरीवर आकडा तयार असायचा.
नुसतं सहा म्हटलं तर कळलं असतं त्यांना.
म्हणून वर दशांश.

हसल्या. चष्मा वरच राहिला होता त्यांचा.
वही त्यांनी कधी उघडली नसावी,
आज माझ्यासाठीच कपाटातून काढलेली.
मी मात्र बघत होते
त्या प्रत्येक आकड्याशेजारी
पेन्सिलीचा एक बारीक ठिपका,
वीस वर्षांत आधी कुठेच नसलेला.
त्यांच्या पलंगासमोर खिडकी होती.
खिडकीतून शेजाऱ्यांचं छप्पर दिसतं, पांढरं.

सांगावं का?
हे माझ्या कामात बसत नाही.
ज्याची वही, त्याने आपला हिशेब चोख ठेवला होता :
आकडा तिचा, ठिपका आपला.

अहवालात लिहिलं :
यंत्रणा चांगली. सातवं पॅनेल बदला, शेवाळ धुवा.
उतरवू नका.
त्या हिवाळ्याच्या नोंदी तुलनेत धरलेल्या नाहीत.

सही करत होते तेवढ्यात त्या
वरून चष्मा घालून आल्या,
जिन्यात दम लागलेला, आणि माझ्या हातातली
वही घेऊन दिव्याखाली धरली.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
इन्व्हर्टर गुणगुणत होता. बाहेर
मार्चचं तिरकं ऊन.

मग बोट एका ठिपक्यावर ठेवून,
मान वर न करता, मला की कुणाला,
"आज किती?"

मी पडद्यावर वाचलं. "नऊ पूर्णांक एक.
अजून चाललंय."