रिकामं आणि शून्य

रबाळ्याला, एमआयडीसीच्या कॅन्टीनवरच्या हॉलमध्ये
रविवारी बत्तीस माणसं जमली
एका अवजाराचं पुढं काय करायचं ते ठरवायला.
पंखे तीन, फिरणारे दोन.
खिडकीत खडीवाल्यांनी अर्धा नेलेला पारसिकचा डोंगर
आणि रंगाच्या कारखान्याचा तो गोडूस वास
जो इथल्यांना येत नाही, पाहुण्यांना येतो.

मापटं. हे त्याचं नाव.
एक्याण्णव साली ठेवलं, मी चोवीसची होते
आणि नाव ठेवायला कुणाची परवानगी लागत नसे.
आज तुर्भ्याच्या गोदामांत, दोन पतपेढ्यांत,
घणसोलीच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये
आणि आणखी कुठं कुठं, कुणाकडेच यादी नाही,
ते अजून मोजतं आहे.

वाद एका ओळीचा.
चौकट रिकामी असली
तर मापटं तिला शून्य समजतं.

तन्वीर मुकादम उभा राहिला. मुंब्र्याहून आलेला,
बोलताना पेनाचं टोपण काढघाल करणारा.
"साखर तपासलीच नाही, आणि कागद म्हणतो साखर शून्य.
शून्य साखरेचा माणूस जिवंत नसतो, काका.
हे मापात पाप आहे.
पुढच्या आवृत्तीत रिकामं ते रिकामंच राहील.
ज्यांचं मोडेल त्यांनी दुरुस्त करावं."

"ज्यांचं मोडेल," प्रफुल्ल वैती बसूनच म्हणाले,
"त्यांच्यात दुरुस्त करणारा कोण उरलाय, नाव सांग.
कुट्टी कॅनडाला. सामंत वारला.
तिसरा मी, आणि माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू."
कुणीतरी हसलं. त्यांना हसवायचं नव्हतं.

मग खुर्च्या सरकल्या.
जुनं ते सोनं, कुणी म्हणालं.
सोनं असतं तर केव्हाच गहाण पडलं असतं, मागून कुणी.
तेजल मढवी म्हणाली, भांडता कशाला, दोन मापटी करू,
आपापलं वाढवा.
तेव्हा दोघंही, दिवसभरात पहिल्यांदाच, एका सुरात
"नको" म्हणाले.
वेगळी चूल मांडायला आधी माणसं लागतात.

मी गप्प होते.
ती ओळ माझी, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.
फाइलीच्या माथ्यावर माझं माहेरचं आडनाव आहे.

एप्रिलची रात्र, वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
पाण्याचे मीटर वाचणारा एक माणूस
कुलूपबंद घरांपुढे काहीच लिहायचा नाही
आणि बिलं छापताना मशीन तिथंच अडायचं.
सहाला टेम्पो येणार होता.
मी लिहिलं: रिकामं असेल तर शून्य धर.
खाली लिहिलं: तात्पुरतं.
लग्न, दोन बाळंतपणं, ह्यांचं बायपास,
ठाणं सोडून ऐरोलीचं घर,
सगळं त्या तात्पुरत्याच्या नंतरचं.

त्या घरांत खरंच कुणी पाणी वापरलं नव्हतं का?
हे मी तेव्हा विचारलं नाही.
नंतर विचारायला वेळ होता, तेव्हाही नाही.

शेवटी चिठ्ठ्या. नियम तेजलनं वाचला:
निम्म्याहून जास्त हवेत.
बदलाच्या बाजूनं सोळा.
विरोधात पंधरा.
आणि एक कोरी.

"कोरी धरायचीच नाही," तन्वीर. "एकतीसांत सोळा. झालं."
"माणूस आला, बसला, घडी घालून चिठ्ठी टाकली," वैती,
"आणि म्हणे धरायचीच नाही?
बत्तीसांत सोळा. निम्मे. नाही झालं."

हॉल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

माझ्या पर्समध्ये पेन होतं. शाई होती.
मी हात वर करायला हवा होता, हे मला कळत होतं,
जसं त्या रात्रीही कळलं असावं.

वैतींनी चिठ्ठी उचलली,
खिडकीपाशी गेले, उजेडात धरली,
उजव्या डोळ्याजवळ नेली, उलटली.
तन्वीरही त्यांच्या खांद्याशी जाऊन उभा राहिला
आणि दोघं मिळून पाहू लागले
काही लिहिलंय का.