सतरा नंबरचा नमुना

सकाळी साडेसात, मखमलाबाद.
काकडांच्या द्राक्षबागेच्या कडेला
कोथिंबिरीची एक ओळ फुलावर आलीय.
पानं दोऱ्यासारखी बारीक झाली,
जुडी बांधायचे दिवस गेले.
रोहिदास म्हणतो, मॅडम, उपटून टाकतो ही.
मी म्हणते, थांबा,
ती आत्ता कुठे कामाला लागलीय.

एका फुलोऱ्यापाशी दहा मिनिटं.
पेन्सिल, तक्ता, गळ्यात भिंग.
दांड्याच्या टोकातून काड्या,
काड्यांच्या टोकांतून पुन्हा काड्या,
आणि शेवटी तिळाएवढं फूल,
ज्याला मध लपवता येत नाही.
लांब सोंड नसलेल्यांची पंगत ही:
हवेत थबकणारी फुलमाशी, लाल ढालकिडा,
आणि ती मुंगीहून लहान गांधीलमाशी,
जी इथे जेवते
आणि पलीकडे द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणात
अंडं घालून येते.
तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.
मी हातानं आखला, जरा तिरपा.

सगळी एकाच घराण्यातली.
गाजर, जे आपण फुलायच्या आत खातो.
शेपू, ज्याचं नाव काढलं की घरात दोन पक्ष पडतात.
जिरं, ओवा, बडीशेप,
हिंगसुद्धा, चिमूटभर, डबी घट्ट लावून.
आणि त्याच रक्ताचा तो परदेशी भाऊ,
पाला हुबेहूब गाजराचा,
ज्याच्या पेलाभर रसानं
माणूस पायांकडून गार होत जातो.
कूळ बघून सोयरीक करावी म्हणतात.
इथे कूळ बघून भागत नाही.
मात्रा बघावी लागते.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.
मनगटाला कळलं ते भाद्रपदात, अंजनेरीच्या पठारावर.
मुळेगावच्या बुधीबाई बदादे पुढे,
मी मागे, पिशव्या आणि चिठ्ठ्या घेऊन.
पिंडा फुलला होता, पांढरा, कमरेएवढा.
बुधीबाई म्हणाल्या, भिजलेल्या अंगाला लावू नको गं त्याचं पाणी.
मी हो म्हटलं, आणि लिहीत राहिले,
आणि सतरावा नमुना कापताना
बाही वर सरकलेली होती.
ढग फाटले. तासभर लख्ख ऊन.

दोन दिवसांनी फोड. मग डाग,
तपकिरी, देठाच्या आकाराचा,
जणू झाडानंच माझा नमुना घेतला
आणि चिठ्ठी लावायला विसरलं.

सिव्हिलच्या त्वचेच्या ओपीडीत
बाकावर शेजारी बसला होता तन्वीर,
जुन्या नाशकातला, सातवीत.
त्याच्या बोटांवर, ओठाच्या कोपऱ्यात कोड.
त्यानं माझं मनगट पाहिलं, मग स्वतःचं.
कशानं झालं?
एका झाडानं. आणि उन्हानं.
काळं झालं?
हो.
मग मला दाखवा ना ते झाड.

मी त्याला सांगू शकले असते
की याच घराण्यातल्या एका झाडाच्या बियांतून
नेमकं तेच औषध काढतात,
मोजून देतात, मोजलेल्या उजेडात उभं करतात;
की पठारावर उजेड कुणी मोजत नाही.
मी म्हटलं, डॉक्टरांना विचार हं.
त्यानं मान हलवली,
मोठ्यांची टाळाटाळ ओळखणाऱ्या मुलांसारखी.
तेवढ्यात त्याचा नंबर आला.

गाइडना अहवाल दिला.
गांधीलमाश्या: अकरा. ओळी: एक.
त्यांनी लाल पेनानं लिहिलं, नमुना अपुरा.
बरोबरच आहे.

काल मखमलाबादला गेले तर ओळ वाळलेली.
रोहिदासनं उपटली नव्हती,
का, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
त्याची बायको वैशाली पायरीवर बसून
धने चपलेखाली रगडत होती.
अख्खा धना पेरत नाहीत, ती म्हणाली,
आत दोन असतात.
एक दाणा तिनं माझ्या तळहातावर ठेवला.
मी अंगठ्यानं दाबला.
फुटला नाही पहिल्या वेळी.