पक्का रंग

जुन्या गिरणीच्या रंगखान्यात जर्मनीचं पिंप फोडलं,
तेव्हा लाल भुकटीभोवती भुशाऐवजी
चुरगाळलेल्या नोटा निघाल्या.
देवस्थळी कारकुनांनी चष्मा पुसून शून्यं मोजली:
पाचापुढे सात.

लसमय्या गुंडेटीचा रोज दहा आणे.
"काय येतंय ह्यात, साहेब?"
"सकाळी रांगेत उभा राहिलास तर पाव.
दुपारी तोही नाही."

नोटेची मागची बाजू कोरी होती.
साखर पेठेत, मागाशेजारच्या भिंतीवर
कोपऱ्यांना खळ लावून त्याने ती चिकटवली,
कोरी बाजू वर,
आणि पेन्सिलीनं उधारी लिहीत गेला:
ज्वारी, बिड्या, पोशव्वाचं औषध.

वर्षं गेली. गिरणीनं रोज कापला, आठ आण्यांवर आणला.
देवस्थळी पेपर वाचून सांगत,
तिकडे साठ लाख माणसं रिकामी बसलीत,
चौकात कुणीतरी ओरडतो,
आणि लोक घरी जात नाहीत.

त्या रात्री लसमय्यानं नोट सोलली, उलटी केली.
शून्यं तशीच, ताठ.
त्यांच्यावरून बोट फिरवलं.
बोट लाल, कोपरापर्यंत लाल,
राखेनं घासून न गेलेलं.

रंग तेवढा पक्का पाठवला होता त्यांनी.