पाच रेघा

लॉगबुकात प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट असते,
‘आत्मचिंतन’,
आणि तिच्यात ठिपक्याठिपक्यांच्या पाच रेघा.
फर्मागुढीहून लोटलीला जाणाऱ्या सातच्या बसमध्ये
आम्ही चौघं त्या एकमेकांच्या बघून भरायचो:
‘आज पुष्कळ शिकायला मिळाले.
सांघिक कार्याचे महत्त्व कळले.’
वैकुंठ तर पुढच्या दोन आठवड्यांचंही
आजच कळून मोकळा व्हायचा.

लवंदे मॅडमनी माझी वही परत दिली.
सही नव्हती. पेन्सिलीनं एवढंच:
‘शिकायला मिळाले, ते कुणाला?
तू त्या वेळी कुठे उभी होतीस?’

कुठे उभी होते?
पंख्याखाली, दुसरं कुठे.
रासईला जुवारीच्या काठावर आमचं यार्ड,
उतारावर ओढून घेतलेली फेरीबोट,
पोटाखाली लाकडी ठोकळे,
अंगावरचे कालवांचे कवच खरवडून काढलेले.
इनास फिटरनं माझ्या हातात डायल गेज ठेवला.
‘बाय, तूं वाच.’
तो शाफ्ट फिरवणार, मी काटा वाचणार,
वर, डावीकडे, उजवीकडे, खाली.

वर शून्य. डावीकडे चार. उजवीकडे सहा.
खालचं वाचायला पालथं पडावं लागतं,
तिथे ग्रीस, तेलकट काळं पाणी,
आणि वरून डोकावणारे तीन वेल्डर.
चार आणि सहा दहा, म्हणजे खालीही दहाच,
तिसऱ्या सेमिस्टरला शिकवलेलं होतं.
मी उभ्यानंच ओरडले, ‘दहा!’
इनासनं पत्र्यावर खडूनं दहा लिहिले,
आणि शेजारी एक बारीक फुली मारली.
फुली कसली, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी बोट पाण्यात उतरली.
नारळ फुटला, पेढे वाटले गेले,
आणि इनास पुन्हा गेज घेऊन हजर.
‘झालंय ना परवा?’
‘परवां ती ठोकळ्यांवर होती, बाय.
पाण्यात गेली की बोट वाकते.
जमिनीवरचं माप पाणी मानत नाही.’

या वेळी मी पालथी पडले.
काळं पाणी कोपरापर्यंत आलं.
इतक्या जवळून काटा थरथरताना दिसतो,
पुस्तकातल्या आकृतीत तो कधीच थरथरत नाही.
खाली सतरा होते.
तिथूनच, आडवी असतानाच, मी म्हटलं,
‘परवाचे दहा मी वाचलेच नव्हते.’
‘म्हाका खबर आशिल्लें,’ इनास म्हणाला,
‘खरे आकडे इतक्या गुणानं जुळत नाहीत.’
आणि बोल्ट सैल करायला घेतले.

त्या रात्री पाच रेघा पुरल्या नाहीत.
समासात लिहिलं, शिक्क्याच्या जागेत लिहिलं.
की मला ग्रीसची किळस नव्हती,
लोकांदेखत पालथं पडायची लाज होती.
की मुलाखतीसाठी पाठ केलेलं
‘मला डिझाइनची आवड आहे’ हे वाक्य
कदाचित ‘मला एसीची आवड आहे’ असंही असेल.
की बाबांनी वीज खात्याचा फॉर्म आणून
फ्रिजवर ठेवलाय, वर मिठाची बरणी,
आणि तो मला नको आहे की नाही
हे अजून मी वाकून पाहिलेलं नाही.
की इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणताना
दुपारचे तीन कधी वाजले, कळलं नव्हतं.
हे शेवटचं मी आधी खोडलं. मग परत लिहिलं.

मॅडमनी सही केली.
खाली पेन्सिलीनं: ‘मग?’

आज बसमध्ये वैकुंठनं सवयीनं वही मागितली.
दिली.
तो उतरवायला म्हणून पेन काढून बसला,
वाचत राहिला,
बोरीचा पूल आला, खाली भरतीचं पाणी, एक बार्ज,
त्यानं पेनाचं टोपण लावलं.
‘तुझ्याकडे खोडरबर आहे?’ म्हणाला.
‘पण तू तर शाईनं लिहिलंयस.’
‘हो ना,’ म्हणाला, आणि
दोन आठवड्यांची पानं
एकेक करून उलटत बसला.