दार लागणारी खोली

जाहिरात मीच टाइप केली.
मानसशास्त्र, अकरावी-बारावी. एम.ए., बी.एड.
नवऱ्याच्या व्हिसावर असल्यास प्राधान्य.
शेवटची ओळ दरवर्षी तीच असते, विषय तेवढा बदलतो.
शाळेचं विमानाचं तिकीट वाचतं, घरभाडं वाचतं.

आधीच्या बाई ऑक्टोबरात गेल्या,
नवऱ्याची नोकरी सुटली तशा, आठ दिवसांत.
तेव्हापासून अकरावी ब
आपलं मन आपणच वाचतेय, पुस्तकातून.

चौदा अर्ज आले.
सात पदव्यांवर वकिलातीचा शिक्का नव्हता.
एकीने फोनवर विचारलं, गणित शिकवलं तर चालेल का?
गाळून गाळून तिघी उरल्या.

तिसरी तस्नीम परकार. माहेर हर्णै,
नवरा सोहार बंदरात क्रेनवर.
फायलीत सगळं जागच्या जागी,
मधली सहा वर्षं मात्र कोरी.
वर्गीस सरांनी त्या कोऱ्यावर बोट ठेवलं:
या काळात काय केलंत?
घरी होते, ती म्हणाली.
सर थांबले, पुढे काही येईल म्हणून.
आलं नाही.
एसी तेवढा घरघरत राहिला.

मग वर्गावर पाठ. उपप्राचार्या रजेवर,
म्हणून निरीक्षणाचा तक्ता माझ्या हातात,
शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी.
आवाज, फळा, वर्गावरचा ताबा, प्रत्येकी पाच गुण.
पाठाचं नाव स्मृती.
तिने फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
म्हणाली, डोळे मिटा. रात्र आहे, लाईट गेलीय.
अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जा.
पावलं मोजा.
कुठल्या घरात गेलात ते मला सांगू नका.

नऊ मुलं डोळे मिटून बसली.
बाहेर शंबे वॉचमन झाडांना पाइपाने पाणी घालत होता,
त्याचा आवाज, आणि दुसरं काही नाही.
मीही मिटले. आता खोटं कशाला बोलू,
माझे पाय गावी गेले नाहीत.
गेले सनाइयातल्या पहिल्या खोलीत,
खाली झोपलेल्या पाच जणांना ओलांडत
गंजक्या फ्रीजपर्यंत.
सतरा पावलं.

डोळे उघडले तेव्हा रेहान नावाचा पोरगा
बाकावर बोट फिरवत होता, अजून पोचला नव्हता.
तिने त्याची वाट पाहिली. तास संपला तरी.

ताबा या रकान्यात काय भरायचं
ते मला कळेना. मी पाच लिहिले,
खोडले, पुन्हा पाच लिहिले.

पगाराचं बोलणं लवकर आटपलं.
तीनशे ऐंशी रियाल. शिवाय आठवड्याला चार तास समुपदेशन,
त्याचे वेगळे नाहीत, सर म्हणाले.
ती हो म्हणाली. एकच विचारलं तिने:
खोली आहे का? दार लागणारी?

सर म्हणाले, लायब्ररीचा कोपरा आहे, छान उजेड आहे.
ती म्हणाली, दार.
सरांनी माझ्याकडे पाहिलं.

स्टेशनरीची खोली आहे, मी म्हटलं.
म्हटलं खरं, आणि कान तापले.
कारण त्या खोलीत मी बसलो आहे.
दोन हजार अकरा साली, वडील गेले तेव्हा
माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी मस्कतला होता.
तासभर कागदाच्या रिमांवर बसलो, आतून कडी लावून,
मग बाहेर येऊन दहावीची हॉलतिकिटं वाटली.
कुणी विचारलं नाही. विचारावं असं तोंडावर दिसलंही नसेल.

गुरुवारी संध्याकाळी मी आणि शंबेने खोली रिकामी केली.
फुटका ग्लोब, जुन्या उत्तरपत्रिका, मॅरेथॉनचे बिल्ले.
दोन खुर्च्या ठेवल्या, समोरासमोर.
शंबे म्हणाला, पोलीस ठाणं वाटतंय,
आणि एक खुर्ची त्याने थोडी तिरकी केली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिला किल्ली दिली,
रजिस्टरमध्ये सही घेतली: किल्ली, नग एक.
कडी जरा अडते, मी म्हटलं, दार उचलून लावा.
तुम्हाला बरं माहीत, ती म्हणाली.

दुसरी किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
पंचिंग मशीनच्या खाली.
तिची नोंद मी अजून केलेली नाही.