मोड

शियांग नदीच्या काठी, आमच्या डेपोत
थंडीचे तीन महिने मोड यायची.
होडीतून, ढकलगाडीतून, बांबूच्या कावडीतून:
कुलपं, हुक्क्याच्या नळ्या, घंटांचे फुटके ओठ,
चौकोनी भोकांची नाणी दोरीत ओवलेली,
मोजता मोजता कुणी उठून गेल्यासारखी.
मी काट्यावर. नाव फंग ग्वेइशिउ,
पण सगळे मला काटाच म्हणत.

संग्रहालयातून यी मास्तर यायचे, महिन्यातून दोनदा.
सायकलला पिशवी, पिशवीत दाढीचा जुना ब्रश.
ढिगात हात घालण्याआधी बाह्या दुमडायचे
सुईण दुमडते तशा.
त्यांनी मला हिरवे रंग शिकवले:
हा कालच्या पावसाचा,
हा पणजोबांच्या वेळचा,
आणि हा, बघ, शेवाळाखालच्या दगडासारखा,
हा दिसला की भट्टीची गाडी थांबवायची.
कुणी ओरडलं तर माझं नाव सांग.

कान आधी सापडला.
मला वाटलं, डाव तुटलाय कुणाचा तरी.
मग दुसऱ्या गोणीत पाय, दुभंगलेला खूर,
मांडीवर खवले
(डुकराला खवले? मी तीनदा पुसून पाहिले).
मग एक सुळा.
मग पोटाचे अकरा तुकडे.

गोणी आणणारा थान माओशेंग
शेगडीपाशी हात शेकत उभा.
"आख्खं मावेना, म्हणून घणानं फोडलं.
टेकडीवर सुरण खणताना निघालं होतं.
बियाणं ठेवायचो त्यात. उंदीर शिरत नव्हते."
एकोणीस किलो आठशे.
"जुनं असलं तर जास्त मिळतात का?"
नाही, म्हणाला काटा.
त्यानं पैसे मोजले, टोपीत ठेवले, टोपी घातली.

यी मास्तरांनी वर्तमानपत्र पसरलं
आणि तुकड्याला तुकडा लावत गेले.
पितरांना मद्य द्यायला केलेलं, ते म्हणाले,
तीन हजार वर्षं झाली असतील.
पुढच्या आणि मागच्या पायांवर एकेक आरपार नळी:
दोर ओवून दोघांनी उचलायचं.
मी डोळ्यांपुढे आणलं,
मद्यानं भरलेलं काशाचं डुक्कर
डचमळत टेकडी चढतंय,
मागचा माणूस पुढच्याला म्हणतोय, हळू.

ज्यानं घडवलं त्यानं डुक्कर पाळलेलं असणार.
मानेवरचे केस कधी उभे राहतात,
अंगावर येण्याआधी ते थुंकी कशी गिळतं,
हे देवळात बसून कळत नाही.
साचा मातीचा, मास्तर म्हणाले,
फोडल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही.
मी घणाचा विचार करत होते.

पाठीवर मोठं भोक राहिलं. झाकण नव्हतं.
भर थंडीत मी चौदा गोण्या उपसल्या.
थानच्या गावी निरोप धाडला.
तो स्वतःच आला, सोळा कोस चालत:
"झाकणावर पक्षी होता, मुठीएवढा.
धाकटीनं खेळायला नेला.
धुताना नदीत पडला."
थोडं थांबून म्हणाला,
"ती रडली होती. आम्हाला वाटलं, एवढ्याशासाठी."

आता ते काचेत आहे. सांधे दिसत नाहीत.
पाटीवर लिहिलंय: झाकण उपलब्ध नाही.
पहारेकरी पोरसवदा, मला वाकू देत नाही.
वाकून काय पाहायचंय मला?
त्या पोटात हात घातलाय मी, कोपरापर्यंत.
मागच्या उजव्या पायाच्या पोकळीत
भाजलेली माती होती, ती मास्तरांनी डबीत ठेवली,
नंबर टाकला.
मातीवर साळीचे सात दाणे होते.
त्यांचं काय करायचं हे त्यांना सुचेना.
मी खिशात टाकले.

घरी वाटीत भिजवले, खिडकीत ठेवले.
चार कुजले.
तिघांना मोड आले.

थान दर थंडीला यायचा,
आणायला काही नसलं तरी.
दारातूनच विचारायचा,
"डुक्कर बरं आहे ना?"
मी म्हणायचे, बरं आहे. खातं-पितं काही नाही.
मग तो शेगडीपाशी बसायचा,
आणि आम्ही दोघं नदीकडे बघायचो,
पाणी उतरलं की काय काय दिसतं ते.